शेवटचा रकाना

१

दर दुसऱ्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी एक पत्र पाठवतो. निवृत्त झाल्यापासून हा नेम आहे, आणि नेम मोडला की मला दिवसभर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

नोकरीत असताना मी जुनी हस्तलिखितं तपासायचो. एकाच ग्रंथाच्या सात-आठ प्रती समोर मांडायच्या आणि कुठल्या लेखनिकाला कुठे डुलकी लागली, कुणी ओळ गाळली, कुणी पदरचं घुसडलं, ते शोधायचं. आता त्यातल्याच गमतीजमती पत्रात लिहितो आणि ईमेलने एकशे अडुसष्ट जणांना धाडतो. त्यात जुने विद्यार्थी आहेत, सहकारी आहेत, आमच्या संग्रहालयाची पुस्तकं बांधणारा बाइंडर आहे, एक निवृत्त न्यायाधीश आहेत. आणि माझी मुलगी आहे. आम्ही तिला ठमी म्हणतो. तिचं नाव मी तिला न विचारता यादीत घातलं होतं. ती सहा वर्षं माझ्याशी बोललेली नाही. कुठे राहते तेही मला माहीत नाही.

मला वीस-वीस पत्ते चिकटवून पत्रं पाठवत बसलेलं सूनबाईने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ती जाहिरातीची पत्रं पाठवणाऱ्या कंपनीत आहे.

"बाबा, हे म्हणजे टाकीतलं पाणी चमच्याने उपसणं झालं," ती म्हणाली. "थांबा, मी आमच्याकडून लावून देते."

तिने लावून दिलं. मी एकदाच बटण दाबलं आणि सगळी पत्रं गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने एक अहवाल आला. कुणी पत्र उघडलं, किती वेळा, किती वाजता, फोनवर की संगणकावर. चार रकाने.

"हे त्यांना कसं कळतं?"

"पत्राच्या तळाशी एक चित्र असतं. ठिपक्याएवढं, बिनरंगाचं. माणसाने पत्र उघडलं की ते चित्र आमच्याकडून मागवलं जातं. मागवलं की आम्हाला कळतं."

"आणि वाचणाऱ्याला?"

"त्याला कशाला कळायला हवं? सगळेच करतात, बाबा. तुम्हाला येणाऱ्या निम्म्या पत्रांत असतो तो ठिपका."

मला ते पटलं नाही. मी तिला ते काढून टाकायला सांगणारच होतो. शब्द तोंडात जुळवत मी यादी खाली सरकवली आणि ठमीच्या नावाशी थांबलो. उघडलं. तीन वेळा. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा.

मी सूनबाईला काहीच सांगितलं नाही.

२

पाचवा रकाना मला तिसऱ्या पत्राच्या वेळी दिसला. तो आधीपासून होता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ज्याचं सारं आयुष्य बारीक फरक पाहण्यात गेलं, त्याच्या नजरेतून एक अख्खा रकाना सुटावा, हे मला आजही बोचतं. अगदी उजव्या कडेला तो होता. वर मथळा नव्हता. खाली नुसते आकडे. बहुतेकांपुढे एक, काहींपुढे दोन, बाइंडरपुढे चार, आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्यापुढे सात.

सूनबाईने चष्मा वर करून पाहिलं. "चाचणीचा असेल काहीतरी. आमचे लोक सांगत नाहीत, ठोकून देतात. विचारते."

मी बाइंडरला फोन केला. आधी हवापाण्याचं बोललो, मग पत्राचं विचारलं.

"वाचलं की," तो म्हणाला. "दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. ते उंदराने खाल्लेल्या पानाचं ऐकून पोरी खिदळत होत्या."

"किती जणी?"

"तिघी कामाला आहेत. का हो सर, वर्गणी लावणार का ऐकण्याची?"

तिघी आणि तो. न्यायाधीशांनी पत्र पत्नीला वाचून दाखवलं होतं. त्यांच्यापुढे दोन. सात आकड्याच्या सहकाऱ्याचा फोन त्याच्या मुलाने उचलला. वडील रुग्णालयात आहेत, म्हणाला. खोलीत सहा खाटा. "काल तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तेवढाच विरंगुळा."

मी फोन ठेवला. बिनरंगाचा ठिपका पत्र उघडल्याचं सांगेल, हे मी समजू शकत होतो. पण खोलीत किती माणसं आहेत हे त्याला कुणी सांगितलं?

माझ्या बुद्धीने लगेच वकिली सुरू केली. फोनला कान असतात, संगणकाला कॅमेरा असतो, आजकाल काय वाटेल ते मोजतात. ठीक आहे. चार दिवसांनी सूनबाई ऑफिसमधून आली, पर्स खाली ठेवली आणि चपला न काढताच म्हणाली, "बाबा, तो रकाना आमच्यातल्या कुणीच टाकलेला नाही. माझ्या स्क्रीनवर तर दिसतच नाही तो."

३

मी पत्राची पहिली प्रत स्वतःला पाठवतो. छापून आल्याशिवाय चूक दिसत नाही, ही मुद्रितशोधनाच्या दिवसांतली सवय. त्यामुळे यादीत माझंही नाव होतं.

माझ्यापुढे दोन.

सोमवारी अकरा वाजता मी घरात एकटा असतो. मुलगा आणि सूनबाई नऊलाच बाहेर पडतात. माझी खोली मागच्या बाजूला आहे. एक टेबल, एक खुर्ची, पुस्तकांची दोन कपाटं, आणि भिंतीपर्यंत जेमतेम तीन पावलांची जागा. पुढच्या पत्राच्या वेळी मी दार लावून कडी घातली. कपाटांच्या मागे पाहिलं. आपण सत्तर वर्षांचे डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ आहोत आणि कपाटामागे वाकून बघतो आहोत, याची लाज वाटली, तरी पाहिलं. मग बसलो आणि स्वतःचं पत्र उघडलं.

दोन.

खोली शांत होती. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टी-टी आवाज येत होता. मी तो संपेपर्यंत हललो नाही.

मला काय वाटलं असेल, ते सांगायला नको. माझी पत्नी जाऊन आठ वर्षं झाली. माझ्या वयाच्या माणसाला अशा वेळी एकच विचार सुचतो, आणि तो इतका गोड असतो की घशात अडकतो. पण मी तो मान्य केला नाही. ती कुणाच्या खांद्यावरून कधी वाचायची नाही. अडतीस वर्षं ती माझ्या खोलीत दारावर टकटक केल्याशिवाय आली नाही, दार उघडं असलं तरी. जे माझ्यामागे उभं होतं ते टकटक न करता आलेलं होतं. ते तिच्या नावावर खपवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

४

ठमीपुढे आधी एक असायचा. पाचव्या पत्राला दोन झाला.

मी आनंदलो, हे कबूल करतो. कुणीतरी आहे तिच्यासोबत, असं मनात आलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती चहा घेऊन बसत असेल, समोर कुणी असेल, आणि ती म्हणत असेल, बघ, आमच्या बाबांनी काय लिहिलंय. सहा वर्षांत तिच्याबद्दल मिळालेली ही पहिली बातमी होती.

ती का गेली, तेही सांगतो, नाहीतर हे सगळं अर्धवट राहील. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती आमच्याकडे राहायला आली होती. चौतीस वर्षांची होती. एक दिवस तिच्या नावाने रुग्णालयाचं पाकीट आलं. ती बाहेर गेली होती. जुन्या कागदांचा डिंक वाफेवर कसा सोडवायचा, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी पाकीट उघडलं, वाचलं, आणि असं परत चिकटवलं की कुठल्याही तज्ज्ञाला कळलं नसतं. तिलाही कळलं नाही. पण रात्री जेवताना मला राहवलं नाही. "सगळ्याच गाठी वाईट नसतात गं," मी म्हणालो.

तिने घास खाली ठेवला. पाकीट अजून तिच्या पर्समध्ये न उघडलेलं होतं.

"बाबा, तुम्ही कायम माझ्या पाठीशी उभे असता," ती म्हणाली. मी मूर्खासारखा मान हलवणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मला मागे वळायलासुद्धा जागा राहत नाही."

सकाळी ती गेली. गाठीचं पुढे काय झालं, ते मला तिच्या भावाकडून कळलं. बरी झाली. तिचा पत्ता तोही सांगत नाही.

५

आकडा दोनचा तीन कधी झाला ते मी पाहिलं. तिने पत्र पुन्हा उघडलं नव्हतं. उघडल्याची वेळ तीच होती. मी फक्त तिच्या नावावर क्लिक करून तपशील पाहिला, मागे आलो, आणि आकडा तीन होता.

अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करतो? तो प्रयोग करतो. दोन दिवस मी तिच्या नावाला हात लावला नाही. आकडा तीनच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदा पाहिलं. चार. जेवणानंतर पाहिलं. पाच. बाइंडरच्या नावावर क्लिक केलं, तर त्याचाही चारचा पाच झाला. मला सगळं समजलं होतं. निष्कर्ष काढायला आणखी पुरावा नको होता.

तरी मी पुन्हा तिच्या नावावर क्लिक केलं. खात्री करून घ्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्याच सकाळी नवं पत्र गेलं होतं. ती आत्ता, या क्षणी वाचत होती, आणि मला तिथे असायचं होतं.

सहा. सात. आठ.

आकडा नऊ झाला आणि मी बोट उचललं, तेव्हा माझ्या खोलीतला आवाज बदलला. आमचा पंखा कुरकुरतो. जो ऐकू आला तो घूं घूं करत होता. कुठेतरी नळ पुरता बंद झालेला नव्हता. ओल्या केसांचा वास आला. आणि अगदी जवळ, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एका बाईची पाठ होती. केस टॉवेलात बांधलेले. मानेवर पांढरे झालेले दोन-चार केस निसटलेले. तिने एक हात मानेवर ठेवला, डास चावल्यावर ठेवतात तसा. मग तिने वळून न बघता खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली. अरुंद खोलीत मागून बरीच माणसं जायची असली की आपण ओढून घेतो, तशी.

मग पुन्हा आमचा पंखा कुरकुरू लागला.

अहवालाचं पान अजून उघडं होतं. तिच्यापुढे नऊ. नजर वर गेली, माझ्या नावाकडे. माझ्यापुढे अकरा होता. मी माझ्या नावावर एकदाही क्लिक केलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी केलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. सहा वर्षांतलं पहिलं. त्यात संबोधन नव्हतं, खाली नाव नव्हतं.

"खोली लहान आहे. पत्र येऊ द्या. तुम्ही येऊ नका."

मी ते कितीदा वाचलं, ते कुणी मोजलं असेल तर असो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कोसळलो. चौथ्या-पाचव्यांदा कधीतरी मधलं वाक्य दिसलं. पत्र येऊ द्या. तिला पत्र हवं होतं.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला भीती म्हणता येणार नाही. मला राग आला. आधी स्वतःचा आला, तो जुनाच होता. मग जे कुणी माझ्या पत्राच्या तळाशी लपून तिच्या घरात शिरत होतं त्याचा आला. माझ्याच अक्षरांआड बसून, माझ्याच मायेचा दरवाजा करून. जन्मभर मी भित्रा म्हणून ओळखला गेलो आहे. सही करण्याआधी चारदा वाचणारा, वर्गात शिकवून आल्यावर आपण चुकीचं तर सांगितलं नाही ना म्हणून पुस्तक उघडणारा. पण एखाद्या हस्तलिखितात कुणी परक्याने ओळ घुसडली असेल, तर ती काढताना माझा हात कधी कापला नाही.

७

"ठिपका काढ," मी सूनबाईला म्हणालो. ती नुकतीच घरी येऊन सोफ्यावर टेकली होती.

"निघत नाही तो. फार तर तुम्हाला अहवाल येणार नाही. चित्र जातंच."

"मग मला तुमची सेवा नको."

"बाबा, एकशे अडुसष्ट पत्ते आहेत. चमच्याने उपसणार का परत?"

"चमच्याने उपसेन."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. हुशार मुलगी आहे. तिला रकान्याची भीती वाटत होती, आणि ती भीती वाटते हे तिला आवडत नव्हतं. "ताईने पत्र वाचलं की नाही, ते तुम्हाला पुन्हा कधीच कळणार नाही," ती हळूच म्हणाली. "विचार केलाय का?"

म्हणजे तिला ठाऊक होतं, मी रोज कुणाचं नाव बघतो ते. यादीतल्या त्या एका ओळीवर मी पाच महिने जगलो होतो. ती वाचते, म्हणजे ती जिवंत आहे, म्हणजे ती रागावलेली असली तरी माझं ऐकते आहे. उद्यापासून यातलं काहीच मला मिळणार नव्हतं. तिला उद्या काही झालं, तरी मी सोमवारी पत्र पाठवत राहणार होतो.

"नको कळायला," मी म्हणालो. "ते तिचं आहे."

"मग मी पत्ते वाचते, तुम्ही टाइप करा," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही न्यायाधीशांचं पत्र बाइंडरला पाठवाल."

तीन संध्याकाळी लागल्या. साधी अक्षरं, चित्र नाही, ठिपका नाही. एकेकाला वेगळं पत्र. त्यात हस्तलिखितांबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी लिहिलं होतं की गेले पाच महिने तुम्ही माझं पत्र कधी उघडता, किती वेळा उघडता, हे मी तुम्हाला न सांगता पाहत होतो. ते चूक होतं. पुढे पाहणार नाही. ज्याला यादीतून जायचं असेल त्याने एक ओळ लिहावी, कारण विचारलं जाणार नाही.

सतरा जण गेले. न्यायाधीशांनी कायद्याची कलमं घालून मला झापलं आणि खाली लिहिलं, "पत्र चालू ठेवा." बाइंडरचा फोन आला.

"म्हणजे मी ते प्रेमपत्राच्या वहीचं पत्र नऊ वेळा उघडलं, ते कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

"आता बायकोला सांगू नका म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी आवाज उतरवून म्हणाला, "सर, एक सांगू? परवापासून दुकानात जरा मोकळं वाटतंय. आधी उगाच गर्दी वाटायची."

ठमीने एक ओळ लिहिली नाही. जाण्याचीही नाही, राहण्याचीही नाही.

८

आज सोमवार आहे. साडेदहा वाजले आहेत, खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं आहे आणि मी नव्या पत्राचा मजकूर टाइप करतो आहे. स्वतःला प्रत पाठवणं मी बंद केलं आहे. एखादी चूक राहिली तर राहील.

सूनबाईने माझं खातं बंद केल्याला तीन आठवडे झाले. तिने दोनदा तपासलं. तरी मघाशी एक अहवाल आला. ज्या पत्रात ठिपका नव्हता, जे कंपनीकडून गेलंच नाही, त्याचा अहवाल. मी तो उघडलेला नाही. बाहेर फक्त विषयाची ओळ दिसते आहे, ठळक अक्षरात.

"एका वाचकाने आत्ताच पत्र उघडलं. कोण ते पाहा."

कोण असेल, ते मला न पाहता माहीत आहे. एकशे एक्कावन्न नावांतून त्यांनी मला दाखवायला कुठलं निवडलं असेल, ते कुणालाही सांगता येईल. एक क्लिक. ती वाचते आहे की नाही, तेवढंच. एका क्लिकने असा काय फरक पडणार आहे, आठाचे नऊ झाले काय आणि नवाचे दहा झाले काय, असा विचार आत्ता माझ्या डोक्यात चालला आहे. तो माझाच आहे, याची मला पुरती खात्री नाही.

तो येतो आहे मानेच्या मागच्या बाजूने. तिथे ऊब आहे, बंद खोलीत खूप माणसं बराच वेळ उभी राहिल्यावर असते तशी. भिंतीपर्यंत तीन पावलांची जागा आहे आणि ती भरली आहे, हे मला खिडकीच्या काचेत पाहावं लागत नाही. काचेत पाहायचा मोह आहे. तोही एक क्लिकच आहे. मी काचेकडे पाहत नाही.

वळून त्यांना काही सांगावं, असं मनात येऊन गेलं. पण वळणं हेच त्यांना हवं असेल तर? माझी शंकाखोर बुद्धी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कामाला आली आहे. म्हणून जे सांगायचं ते मी इथेच, संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून, टाइप करतो आहे. मागून वाचता येतं तुम्हाला, तेव्हा वाचा. ती वाचते की नाही, हे मी विचारणार नाही. ती हसते की पत्र फाडल्यासारखं पुसून टाकते, तिच्यासमोर कुणी बसतं की ती एकटी असते, हे मला कळणार नाही, आणि न कळता मी मरेन, आणि तोवर पत्र पाठवत राहीन. माझ्यामागे हवे तेवढे उभे राहा. तिच्या खोलीत माझ्या हातून आता कुणी जाणार नाही.

मागे कुणीतरी अधीरपणे या पायावरचा भार त्या पायावर घेतला. फरशीवर बारीकसा आवाज झाला.

विषयाची ती ओळ अजून ठळकच आहे. मी पत्राचा दुसरा परिच्छेद टाइप करायला घेतला.